पांढरी सात

पियानोपुढं बसल्याबसल्या धम्मपालचा डावा हात आपसूक वर गेला आणि हवेतच थांबला. तिथं बटण नव्हतं. काळं चकचकीत लाकूड होतं, त्यात त्याचा स्वतःचाच चेहरा दिसत होता, आणि तो चेहरा काही बघण्यासारखा नव्हता.

"काय शोधताय काका?" यशराजनं विचारलं.

"काय न्हाय," म्हणून धम्मपालनं हात मांडीवर ठेवला.

आता ह्या बटणाचं सांगितल्याशिवाय गाडी पुढं जायची नाही. लग्नात, जयंतीत, गणपतीत स्टेजवर कीबोर्ड वाजवणाऱ्या आमच्या मंडळींचं हे उघडं गुपित आहे. गायक येतो आणि आपली पट्टी सांगतो. पट्टी म्हणजे ज्या सुराला तो सा धरून गातो तो सूर. कुणाची पांढरी चार, कुणाची काळी दोन, म्हणजे चौथी पांढरी किंवा दुसरी काळी; सात पांढऱ्या झाल्या की परत पांढरी एक. खरं म्हणजे पट्टी बदलली की वाजवणाऱ्याची बोटं वेगळ्या जागी पडायला पाहिजेत. पण कीबोर्डावर एक बटण असतं. ते हवं तेवढं दाबलं की बोटं आपली ओळखीच्या पांढरी एकातच फिरतात, आणि आवाज मात्र गायकाच्या पट्टीतनं बाहेर पडतो. कोण मरायला बारा पट्ट्या शिकत बसतोय? धम्मपालनं उभी हयात पांढरी एकात काढली होती. बाकीच्या अकरा पट्ट्या त्याला शेजारच्या गल्लीतल्या माणसांसारख्या तोंडओळखीच्या होत्या, घरात कधी गेला नव्हता. आणि हा पियानो होता खरा, लाकडाचा, तारांचा. त्याला कुठलं आलंय बटण.

धम्मपाल राहायला सिद्धार्थनगरात आणि कामाला उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपात, लेथवर. विहारातली पेटी वाजवत वाजवत शिकलेला गडी. गुरू म्हणावा असा कुणी नाही, कान तेवढा तल्लख. पेटीवरनं कीबोर्डावर आला, ऑर्केस्ट्रात शिरला, आणि दिवसा लोखंड कापायचं न् संध्याकाळी गाणी वाजवायची अशी जिंदगी बसून गेली. त्यात त्याला काही कमी वाटत नव्हतं.

साक्षी ही त्याची एकुलती पोरगी. शाळेत असताना जयंतीच्या स्टेजवर पहिल्यांदा गायली तेव्हा स्टँड खाली करूनसुद्धा माईक तिच्या कपाळाला लागत होता. त्या दिवसापासनं ती बापाच्या साथीशिवाय एकदाही गायली नव्हती. दोघांची एक खूण होती. कडवं संपत आलं की ती खांद्यावरनं मागं बघायची, बाप मान हलवायचा, मग ती पुढचं उचलायची. लोक म्हणायचे, पोरीचा जीव गळ्यात हाय आन गळा बापाच्या हातात.

यशराज शाहूपुरीतल्या कापडवाल्यांचा मुलगा. दुकानात बसायचं सोडून गोव्याला गेला, जॅझ शिकून आला, आणि आता स्वतः केलेल्या मराठी गाण्यांचा कार्यक्रम रविवारी सकाळी शाहूपुरीतल्याच एका हॉलमध्ये लावत होता. त्यातलं शेवटचं गाणं त्यानं साक्षीला दिलं होतं. पोस्टरवर तिचं नाव मोठ्या अक्षरात आलं होतं, तिच्या आयुष्यात पहिल्यांदा. बाकी सगळ्या गाण्यांना पियानो वाजवायला पुण्याचा राजवीर येणार होता, साक्षीच्या गाण्यालाही तोच वाजवणार असं धरलेलं होतं. पण पोरगी हटून बसली. माझ्या गाण्याला माझं पप्पा, न्हाईतर मी न्हाय.

यशराज काही वाईट मुलगा नव्हता. त्यानं नाही म्हटलं नाही. एवढंच म्हणाला की गाण्यात एक जागा आहे, तिथं साधा कॉर्ड, म्हणजे एकदम दाबायचे नेहमीचे तीन-चार सूर, टाकून चालणार नाही. तालमीत ती जागा काकांना जमली तर उत्तम. नाही जमली तर राजवीर वाजवेल, आणि मग कुणी कुणावर रुसायचं नाही. धम्मपालनं मान हलवली. पण पोरीचं नाव पहिल्यांदा भिंतीवर लागलं आणि नेमका तेव्हाच आपण खुर्च्यांत बसून ऐकायचं, हा विचार त्याला गिळवत नव्हता.

तालमीच्या पहिल्याच संध्याकाळी, म्हणजे तो हात हवेत थांबला तेव्हाच, आणखी एक गोष्ट झाली. यशराजनं गाणं बांधलं होतं पांढरी सातात, साक्षीच्या आवाजाला बेतून. साक्षीनं बापाचा तो हात बघितला. लगेच म्हणाली, सर, आपण पांढरी एक करूया का, मला अर्धा सूर वरच बरं वाटतंय. यशराजनं खांदे उडवले, चालेल म्हणाला. आणि धम्मपालला ते ऐकून इतकं हायसं वाटलं की त्यानं पोरीच्या तोंडाकडं बघितलंसुद्धा नाही.

मग ती जागा आली. "उजाडलं तरी जरा थांब" अशी ओळ होती, आणि त्यातला "थांब" हा शब्द कोमल रिषभावर लांब धरायचा होता. त्या शब्दाखाली तो कॉर्ड. यशराजनं एकदा वाजवून दाखवला आणि धम्मपालच्या अंगावर काटा आला, चांगला की वाईट ते त्याचं त्याला कळेना. काचेचं भांडं हातातनं सुटावं आणि जमिनीवर पडायच्या आत सगळ्यांनी श्वास धरावा, तसं काहीतरी वाटलं.

यशराजनं समजावून सांगितलं. तुम्ही अंतऱ्यावरनं मुखड्यावर येताना पंचमाचा सेव्हन वाजवता ना काका? प, नी, रे, म. तो ऐकला की कानाला सा हवाहवासा होतो. हा तोच आहे, फक्त मुरडलेला. नी आणि म हे दोन खांब, त्यांना हात लावायचा नाही. रिषभ कोमल करायचा, आणि वर कोमल धैवत घालायचा. ह्याला म्हणतात अल्टर्ड कॉर्ड. ओढ तीच, पण जीव जास्त टांगणीला लागतो.

धम्मपालनं डाव्या हातात पंचम धरला, बाकीचे सूर वर रचले आणि दाबले. हॉलमध्ये कुणीतरी भांड्यांची मांडणी पाडल्यासारखा आवाज झाला. साक्षी "थांब" म्हणून कोमल रिषभावर गेली आणि क्षणात घसरून सा वर आली. परत घेतलं. परत घसरली. हा दोष काही तिच्या गळ्याचा नव्हता, बापाच्याच शिकवणीचा होता. स्टेजवर काही खटकलं की पोरी, गुपचूप सा वर ये, सा कुणाला चुकलेला दिसत न्हाय, असं त्यानंच तिला लहानपणापासनं घोकवलं होतं. ऑर्केस्ट्रातली सगळीच माणसं तसंच करतात. आता इथं मुद्दाम खटकवायचं होतं आणि पोरगी मुकाट्यानं बापाचं ऐकत होती.

बेस गिटारवर दादासो होता. धम्मपालचा ऑर्केस्ट्रातला जुना दोस्त, मुरगूडकडचा, दिवसा दुधाची गाडी चालवणारा, तोंडाचा फटकळ. तो म्हणाला, "धम्मा, मर्दा, हे कॉर्ड हाय का भांडण?" सगळे हसले. धम्मपालही हसला, पण त्याचे कान गरम झाले होते. यशराजनं नुसतं घड्याळाकडं बघितलं. ते बघणं धम्मपालला दादासोच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

घरी गेल्यावर कीबोर्ड मांडीवर घेऊन तो बसला. दुसऱ्या दिवशी कामावर जायच्या आधी बसला. कामावरनं आला की बसला. बायको, प्रियदर्शनी, दोन दिवस सोसत होती, मग म्हणाली, अहो, दारात शेपूट अडकलेलं मांजर तरी एवढं वरडत न्हाय. लेथवर उभा असताना त्याची बोटं पँटीवर चालायची. एकदा तर टूल फिरत्या लोखंडावर घालायच्या ऐवजी तसाच उभा राहिला. शेजारच्या लेथवाल्यानं हाळी दिली, तेव्हा भानावर आला. लेथवर असं उभं राहणं म्हणजे बोटं घालवायची कामं.

पुढच्या तालमीत यशराजनं एक विचित्र गोष्ट सांगितली. काका, तुम्ही पंचम सोडून द्या.

धम्मपालला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. "कॉर्ड पंचमाचा, आन पंचमच सोडायचा?"

"तो दादासोकाकांच्या बेसमध्ये आहे की. तुम्ही परत वाजवला तर खाली नुसता गाळ होतो. उरले चार सूर. ते चार कुठल्याही क्रमानं लावा. खालचा उचलून वर ठेवा, परत खालचा उचलून वर ठेवा. सूर तेच, रंग वेगळा. इन्व्हर्जन म्हणतात त्याला."

हे मात्र धम्मपालच्या डोक्यात शिरलं. घरचीच चार माणसं असतात, पण फोटो काढताना खुर्चीवर कोण बसलं आणि मागं कोण उभं राहिलं ह्यावर तो फोटो कुणाचा ते ठरतं. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून त्यानं त्या चौघांना आलटून पालटून बसवायला घेतलं. नी खाली, कोमल रिषभ मध्ये. नाही. कोमल धैवत खाली. नाही. मग त्यानं कोमल रिषभ सगळ्यात खाली ठेवला, त्यावर म, मग कोमल धैवत, मग नी. दाबला.

आणि तो चमकला. हा आवाज परका नव्हता. हा कुठंतरी रोज ऐकतोय आपण, हा तर साधा सेव्हन वाटतोय! स्वतःच्या कानावर त्याचा विश्वास बसेना. मग त्याला युक्ती सुचली. पांढरी एकाचा साधा सेव्हन, त्यानं आयुष्यात शिकलेला पहिला सेव्हन कॉर्ड, तीन पांढऱ्या आणि एक काळी, तो त्यानं धरला आणि ते बटण एकदाच वर दाबलं. अर्धा सूर वर. कीबोर्डातनं तंतोतंत तोच आवाज निघाला.

म्हणजे एवढे दिवस ज्याला तो भीत होता, ते भूत म्हणजे सा च्या अगदी शेजारच्या घरातला, कोमल रिषभाचा साधा सेव्हन होता. खाली दादासोनं पंचम धरला की त्याचंच तोंड बदलायचं आणि तो अंगावर यायचा. धम्मपाल एकटाच हसायला लागला. प्रियदर्शनी आतनं बघून गेली, कपभर चहा तेवढा आणून ठेवला.

त्यानं हे यशराजला सांगितलं तेव्हा यशराज खूश झाला. म्हणाला, बरोबर आहे काका, पुस्तकात हेच लिहिलंय, पण मला समजायला वर्ष गेलं होतं आणि मास्तरांच्या शिव्या खाल्ल्या होत्या. मग दोघांनी मिळून साक्षीच्या घसरण्याचा इलाज काढला. कोमल रिषभ खाली किंवा मध्ये असला की तिला आधार सापडत नव्हता आणि ती पळून सा वर यायची. तोच वर ठेवायचा. म खाली, मग कोमल धैवत, मग नी, आणि माथ्यावर कोमल रिषभ, तिच्या सुराला चिकटून. पहिल्यांदाच साक्षी "थांब" वर थांबली. हॉलमधला पंखासुद्धा ऐकू येत होता. मग ती सा वर उतरली आणि दादासो पुटपुटला, आयला, हे भारीच की. यशराजनं राजवीरला फोन करून सांगितलं की शेवटचं गाणं तू सोड.

इथं गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण तालमी सगळ्या संध्याकाळच्या होत्या आणि कार्यक्रम होता सकाळचा.

गाणाऱ्या माणसाला विचारा, सकाळी गळा जड असतो. वरचे सूर उठायला मागत नाहीत. रविवारी लोक यायच्या आधी माईक तपासायला म्हणून गाणं घेतलं. अंतऱ्यात एक वरची जागा होती, तार सप्तकातला कोमल गंधार. तिथं साक्षीचा आवाज फाटला. तिनं खाकरून परत घेतलं. परत फाटला. गरम पाणी प्यायली, परत घेतलं, आणि ह्या वेळी सूर लागला पण मानेची शीर टरारून उभी राहिली. डोळ्यांत पाणी आलं होतं ते तिनं ओढणीनं टिपलं आणि म्हणाली, होतंय, होतंय, लोक आलं की आपोआप लागतोय.

यशराज पियानोजवळ आला. आवाज खाली ठेवून म्हणाला, हे गाणं मुळात पांढरी सातातलं. अर्धा सूर खाली घेतलं तर तिला काहीच त्रास नाही. राजवीर इथंच आहे, तो कुठल्याही पट्टीत वाजवतो. काका, तुम्हीच सांगा काय करायचं. साक्षीनं ते ऐकलं आणि तिकडनंच म्हणाली की पट्टी बदलायची नाही, तिला वरच बरं वाटतं.

दादासोनं बेस गळ्यातनं काढला, धम्मपालच्या कानाजवळ आला. नेहमी मोठ्यानं बोलणारा माणूस, पण आत्ता हळू बोलला.

"तिला वर बरं वाटत न्हाय, धम्मा. पहिल्या दिसापास्नं तुझ्यासाठी गळा ताणायलीय पोरगी. समद्यांस्नी ठावं हाय. तुलाच कळंना व्हय?"

धम्मपालला उभ्या जागी मेल्यासारखं झालं. एवढा कानाचा तल्लख म्हणवणारा माणूस, आणि पोरीचा गळा ताणलेला त्याला ऐकू आला नव्हता. ऐकू आला नव्हता की ऐकायचा नव्हता? त्याची त्यालाच लाज वाटली. बाहेर लोक जमायला लागले होते, चपलांचे आवाज येत होते. प्रियदर्शनी पहिल्या रांगेत येऊन बसली होती, साक्षीच्या कॉलेजातल्या पोरी मागं कलकलाट करत होत्या.

आता तीन वाटा होत्या. पोरीला वर गाऊ द्यायचं आणि तिचा आवाज भर सभेत फाटला तर फाटू द्यायचा. नाहीतर उठून राजवीरला बसवायचं, म्हणजे गळाही वाचतो आणि गाणंही. शहाण्या माणसानं हेच केलं असतं. पण साक्षी काय म्हणाली होती ते त्याला आठवलं, आणि तिचा स्वभाव त्याला ठाऊक होता. बाप उठला तर ती गायली असती, पण तिचा जीव गाण्यात राहिला नसता. तिसरी वाट म्हणजे ज्या घरात आयुष्यात कधी पाऊल टाकलं नाही तिथं थेट पंगतीला जाऊन बसायचं.

"पांढरी सात," धम्मपाल म्हणाला. "मी वाजवतो."

यशराजनं त्याच्याकडं बघितलं. "काका, तुम्ही अडखळलात तर ती पण पडेल."

"ठावं हाय मला."

साक्षी काहीतरी बोलायला पुढं आली. धम्मपालनं तिच्याकडं अशा नजरेनं बघितलं की ती तिथंच थांबली. पोरीवर त्यानं असे डोळे फार क्वचित काढले होते.

बाकीची गाणी होईपर्यंत तो विंगेत एका लाकडी खोक्यावर बसून होता. खोक्याच्या फळीवर बोटं चालवत होता. सा पांढरी सातावर, कोमल गंधार पांढरी दोनवर, पंचम काळी तीनवर. आत राजवीर वाजवत होता आणि फार सुरेख वाजवत होता, हे ऐकून तर त्याला जास्तच धडकी भरत होती. दोन वेळा वाटलं, उठावं, त्या पोराचा हात धरावा आणि सांगावं की बाबा, हेही तूच वाजव. उठला नाही एवढंच.

नाव पुकारलं. टाळ्या पडल्या. धम्मपाल पियानोपुढं बसला आणि डावा हात परत वर जायला लागला, जित्याची खोड. त्यानं तो मध्येच खाली आणला आणि सुरू केलं.

मुखडा निघाला. बोटं काट्यावर चालल्यासारखी चालत होती, पण चालत होती. सा चा कॉर्ड, मग मध्यमाचा, परत सा चा. दादासो खालनं बेस भक्कम धरून होता, एरवी बडबड करणारा माणूस डोळे मिटून वाजवत होता. अंतरा सुरू झाला आणि तिथं घात झाला. काळी तीनच्या जागी बोट शेजारच्या पांढरी चारवर पडलं. पंचमाऐवजी भलताच सूर उठला, स्वच्छ, सगळ्या हॉलला ऐकू जाईल असा. दुसऱ्या रांगेतल्या एका गृहस्थानं तोंड वाकडं केलं. प्रियदर्शनीनं पदर मुठीत धरला. धम्मपालला पुढचा कॉर्ड कुठला तेच आठवेना, आणि तो दुरुस्त करायला मागं जायच्या बेतात होता. पण साक्षी पुढं गेली होती. ती डगमगली नव्हती, सा वर पळाली नव्हती. त्यानं चूक तिथंच टाकली आणि तिच्या मागं गेला.

तार सप्तकातला कोमल गंधार आला आणि निघून गेला. आवाज फाटला नाही. इतका सहज लागला की धम्मपालला गलबलून आलं. आपल्याच पोरीचा गळा आपण आठवडाभर अर्धा सूर वर टांगून ठेवला होता, हे तेव्हा त्याला खरं कळलं.

आणि आता ती जागा येत होती. "उजाडलं तरी" झालं. मुरडलेला पंचमाचा कॉर्ड, पांढरी सातात. हे सूर त्यानं ह्या पट्टीत कधीही दाबले नव्हते. खोक्याच्या फळीवर मुखडा आणि अंतरा घोटण्यातच सगळा वेळ गेला होता, इथवर तो पोचलाच नव्हता. कोमल रिषभाचा साधा सेव्हन, मनात म्हणाला, सा च्या शेजारचं घर. सा पांढरी सात. तिच्या शेजारचं घर म्हणजे...

पांढरी एक.

पांढरी एकाचा साधा सेव्हन. विहारातल्या पेटीवर, गुडघे मोडून बसून, पहिल्यांदा सापडलेला. तीन पांढऱ्या, एक काळी. साऱ्या गाण्यात जी जागा सगळ्यात अवघड म्हणून तो मरत होता, ती ह्या पट्टीत त्याच्या स्वतःच्या घरात येऊन उभी होती. त्यानं खालचा सूर उचलून वर ठेवला, माथ्यावर, पोरीच्या सुराला चिकटून, आणि चारी बोटं एकदम टाकली. खाली दादासोचा पंचम घुमला.

"थांब," साक्षी म्हणाली, आणि थांबली.

तालमीत जेवढी थांबायची त्याहून जास्त थांबली. त्या सुरात एक काच होता, कुणाला खुर्चीत नीट बसू देत नव्हता. तोंड वाकडं करणारे गृहस्थ पुढं झुकले. साक्षीनं खांद्यावरनं मागं बघितलं, शाळेतल्या वयापासनं बघायची तसंच. धम्मपालनं मान हलवली नाही. तिला पाहिजे तेवढं थांबू दिलं, बोटं तशीच दाबून धरली. मग तिची तीच वळली आणि सा वर उतरली, आणि बापाचे हात तिच्याबरोबर उतरले. टाळ्या आधी पडल्याच नाहीत. पडल्या तेव्हा दादासोचं तोंड सुटलेलं होतं आणि तो यशराजला काहीतरी सांगत होता, ते कुणाला ऐकू आलं नाही.

मागं विंगेत साक्षी आली ती सरळ बापापुढं उभी राहिली.

"पप्पा, अंतऱ्यात चुकलासा की."

"व्हय," धम्मपाल म्हणाला. "मग तू सा वर का आली न्हाईस? खटकलं की यायचं, असं शिकवलंय न्हवं मी तुला?"

"तुमी पांढरी सातात आलासा माझ्यासाठी," ती म्हणाली, "मग मी पळून कुठं जाऊ?"

धम्मपालला काहीतरी म्हणायचं होतं. मला ऐकू आलं न्हाय पोरी, माझं चुकलं, असलं काहीतरी. पण त्यानं तिच्या डोक्यावर नुसता हात ठेवला. तिनं तो दोन्ही हातांत धरून ठेवला. राजवीर बाजूनं जाता जाता म्हणाला, काका, तो कॉर्ड काय मस्त ठेवला होता तुम्ही.

प्रियदर्शनी दादासोच्या गाडीतनं पुढं गेली, घरी भात टाकायला. बाप-लेक मागनं मोटारसायकलवर निघाले. दुपारचं ऊन होतं, रविवारमुळं दुकानं निम्मी बंद. साक्षी मागं बसून गुणगुणत होती. "उजाडलं तरी जरा थांब," आणि तो "थांब" तिनं कोमल रिषभावर धरला तो सोडेचना. श्वास संपला की परत घ्यायची, तिथंच. सिग्नल आला, गेला. धम्मपालच्या पाठीत तो सूर रुतून बसला होता.

"आगं, सा वर ये की आता," तो शेवटी म्हणाला. "जीव टांगलाय माझा."

"घरात गेल्यावर," साक्षी म्हणाली आणि परत धरला.

त्यानं गाडी जरा जोरात घेतली. गल्लीच्या तोंडाशी आले, घर दिसलं, दारात प्रियदर्शनी उभी होती. धम्मपालनं गाडी लावली, इंजिन बंद केलं. साक्षी खाली उतरली, सूर तसाच धरून दारापर्यंत गेली, चपला काढल्या, आणि पहिलं पाऊल आत टाकताना सा वर आली. पांढरी सातातला सा होता तो. धम्मपालनं तो बटणाशिवाय ओळखला.